बिघडलेलं काम दाखवा

शिवणकाकू जिन्यावरून पडल्या त्याला चार महिने झाले होते. या चार महिन्यांत पाय जेवढा दुखला नसेल तेवढे त्यांचे कान दुखले. पडल्या एकदाच, पण ऐकून घ्यावं लागलं रोज. मुलगा ऐकवे, सून ऐकवे, औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा गोळ्या देता देता ऐकवे, की या वयात एकटं राहणं बरं नाही.

घरात न्हाणीघर एकच आणि तेही वर, अकरा पायऱ्या चढून. भानगड एवढीच होती. पण मुलाने त्या अकरा पायऱ्यांवरून थेट घर विकण्यापर्यंत उडी मारली होती.

"आई, तुझी खोली तयार आहे," तो म्हणे. "पडदेसुद्धा लावलेत."

पडदे काकूंनी पाहिले होते. त्यांची शिवण वाकडी होती. एक्केचाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलेल्या बाईला ती दारातूनच दिसली, पण पाहुणी म्हणून गेलो आहोत तर बोलायचं नाही, असं ठरवून त्यांनी ते गिळलं. मग तिथे दर खेपेला काही ना काही गिळावं लागलं. नळ गळतो हे गिळलं, कपाटाचं दार लागत नाही हे गिळलं. दोन दिवस राहून घरी परतल्या की त्यांना भूक नसे.

काकूंचं म्हणणं साधं होतं. खालच्या शिवणखोलीत मागच्या बाजूला कापायचं मोठं टेबल आहे. ते काढायचं, तिथे न्हाणीघर बांधायचं, खाट खिडकीशी आणायची. जिना राहील वर जाणाऱ्यांसाठी.

"बांधणार कोण?" मुलगा म्हणाला. "एकटी बाई बघितली की हे लोक टोपी घालतात. अर्धं काम टाकून पळून जातील, मग बसशील विटा मोजत."

"टोपी घालणाऱ्याचं डोकं आधी मापून घेईन मी."

शेवटी ठरलं. दोन महिने. काम नीट झालं तर काकू इथेच राहणार. वाकडंतिकडं झालं तर मुकाट्याने मुलाकडे जाणार.

"मुकाट्याने तर मी तुझ्या बाबांचंही कधी ऐकलं नाही," काकू म्हणाल्या. "पण कबूल."

पहिला कॉन्ट्रॅक्टर मुलानेच पाठवला. हातात जाडजूड फाइल, बुटांना धुळीचा कण नाही. काकूंनी त्याचं नाव लगेच फाइलवाला ठेवलं. तो बोलत होता मुलाशी. भिंत काकूंची, खोली काकूंची, पाय काकूंचा, पण फाइल उघडली ती मुलाच्या मांडीवर. आत चकचकीत फोटो होते. एकाही फोटोत माणूस नव्हता, बादली नव्हती, ओला टॉवेल नव्हता.

काकूंनी फाइल मिटवली आणि म्हणाल्या, "चांगलं काम बघितलं. आता बिघडलेलं दाखवा."

"म्हणजे?"

"तुमच्या हातून बिघडलेलं काम. एखादं असेलच ना?"

हा काकूंचा जुना प्रश्न होता. दुकानात नवी मुलगी कामाला यायची तेव्हा तिचा सुंदर शिवलेला कपडा त्या बाजूला ठेवत आणि बिघडलेला मागत. जी मुलगी खाली बघून पिशवीतून उसवलेली बाही काढे, ती दुसऱ्या दिवसापासून कामावर. 'माझ्या हातून कधी बिघडतच नाही' म्हणणारीला चहा पाजून वाटेला लावत. मशीनवर बसणाऱ्या कुणाच्याही हातून कापड बिघडतंच. न बिघडवणारी एक तर खोटं बोलते, नाहीतर तिने शिवलेलंच नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं.

"आमच्याकडे बिघडत नाही, मॅडम," फाइलवाला मुलाकडे बघून हसला. "आमची सिस्टीम आहे."

काकू चहा ठेवायला उठल्या. तरी न्याय म्हणून त्यांनी त्याच्याकडून पाच वर्षांपूर्वीच्या एका कामाचा पत्ता घेतला. नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं. दुसऱ्या दिवशी काठी टेकत त्या तिथे गेल्या, न्हाणीघर बघू देता का म्हणून विचारलं, आणि पर्समधून दोऱ्याचं रिकामं रीळ काढून जमिनीवर आडवं सोडलं. रीळ मोरीकडे जायला हवं होतं. ते निवांतपणे दाराकडे घरंगळत आलं आणि काकूंच्या चपलेला लागून थांबलं.

"आम्ही दारात फडकं टाकतो हो," घरची बाई ओशाळून म्हणाली. "आता सवय झालीये."

काकूंनी रीळ उचललं आणि फाइलवाल्याच्या नावावर काट मारली.

दुसरा आला तो इतका गोड होता की त्याच्याशी बोलून दात दुखावेत. काकू म्हणाल्या, खिडकी मोठी हवी. होय काकू. भिंत पातळ हवी. होय काकू. मग काकूंनी मुद्दाम म्हटलं, नळ छताला लावायचाय. "होय काकू, लावून टाकू." त्यालाही चहा मिळाला.

मग काकूंनी डोकं चालवलं. त्या सिमेंटच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराला, चांगला गवंडी कोण, असं न विचारता विचारलं, "तुमच्या स्वतःच्या घराचं काम कुणी केलं?"

दुकानदार डोकं खाजवू लागला. चार गिऱ्हाइकांना चार नावं सुचवणारा हा माणूस, स्वतःच्या घराचं नाव सांगताना आधी इकडेतिकडे बघत होता. "आहे एक. पण काकू, तो बोलत नाही हो. घुम्या आहे नुसता."

"मला काय त्याच्याकडून गाणं म्हणवून घ्यायचंय? पाठवा."

घुम्या आला. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, नखांत सिमेंट. नमस्कार केला आणि काकूंकडे न बघता भिंतीशी गेला. बोटाच्या पेराने ठिकठिकाणी ठोकत कान लावत राहिला. मग विचारलं, "जुनी नाली कुठून जाते?" हे त्याच्या आधीच्या दोघांनी विचारलंच नव्हतं.

काकूंनी सांगितलं, आणि मग आपला प्रश्न टाकला. "बिघडलेलं काम दाखवा."

घुम्याने हात झटकले आणि तो दाराकडे वळला. काकूंना वाटलं, आता हा निघून जाणार. तो म्हणाला, "चला."

तीन गल्ल्या सोडून एका नर्सबाईंचं घर होतं. दार उघडून घुम्याला बघताच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आज काय काढलंस?"

"या काकूंना दाखवायचंय. ती जमीन."

"ती जमीन!" नर्सबाईंना तेवढंच हवं होतं. "या काकू, या. याने माझ्या न्हाणीघराचा उतार उलटा काढला. अख्खं पाणी दिवाणखान्यात! माझं कपाट फुगलं खालून, अजून फुगलेलंच आहे. बघा."

काकूंनी कपाट बघितलं. घुम्या दाराशी मान खाली घालून उभा होता, शाळेतल्यासारखा.

"मग?"

"मग काय! मी फोन करायच्या आत दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. रात्री हिशेब जुळेना म्हणाला डोक्यात, उताराचा. स्वतःच सगळं फोडलं, परत केलं. आठ दिवस तोंडातून शब्द नाही. मी बोलतेय, बोलतेय, हा आपला ठोकतोय."

काकूंनी रीळ सोडलं. ते मोरीपाशी जाऊन जाळीवर थांबलं.

"आणि त्यानंतर स्वयंपाकघराचं काम कुणाकडून करून घेतलंत?"

"याच्याकडूनच," नर्सबाई फणकाऱ्याने म्हणाल्या. "आता दुसऱ्या कुणाच्या चुका शोधत बसायला मला वेळ कुठाय?"

परत येताना काकू म्हणाल्या, "सोमवारी ये." अहो-जाहो संपलं होतं. मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो उखडला. "काम बिघडवतो हे डोळ्यांनी बघून त्यालाच ठेवलंस?"

"डोळ्यांनी बघितलं म्हणूनच."

काम सुरू झालं. घुम्याबरोबर त्याची बायको असे. फरशी ती बसवी आणि तिचा हात इतका सरळ होता की काकू मशीन थांबवून बघत राहत. काय ठरलं ते काकूंनी कापडाच्या नमुन्याच्या खाकी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला टाचलं होतं. फरशीच्या आधी जमिनीला बांध घालून तीन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं, हे घुम्याने स्वतः त्या कागदावर लिहायला लावलं. तीन दिवस काकू सकाळ-संध्याकाळ पाण्याची खूण बघत होत्या. खूण हलली नाही. कापायचं टेबल अंगणात गेलं तेव्हा मात्र काकू आतल्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. त्या टेबलावर त्यांनी मुलाच्या शाळेच्या पहिल्या शर्टापासून लग्नाच्या कोटापर्यंत सगळं कापलं होतं.

भांडण झालं ते दारावरून. चौकट बसली होती, आता आतल्या फळीचं माप सुताराला द्यायचं होतं. घुम्याने खिशातून लोखंडी टेप काढली.

"माप मी देते," काकू म्हणाल्या.

"माझ्याकडे टेप आहे, काकू."

"ती ठेव विटांसाठी. गळ्यातल्या या टेपने मी निम्म्या गावाला कपडे घातलेत. एक बाही आखूड झाली नाही. दार म्हणजे काय, बिनबाह्यांचा झगाच."

घुम्याने टेप परत खिशात टाकली. काकूंनी गळ्यातली रेक्झिनची टेप काढली, काठी भिंतीला टेकवली, चौकटीची रुंदी मापली, उंची दोनदा टेप लावून मापली, चिठ्ठी लिहिली, खाली सही केली. सही करायची गरज नव्हती.

दुसरा महिना संपायला दोन दिवस होते तेव्हा सुतार दार ठेवून गेला. घुम्याने ते उचलून चौकटीत उभं केलं. बाजूला बोट जाईल एवढी फट. वर दोन बोटं उघडं.

तिघंही बघत राहिली. घुम्याच्या बायकोने पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं. ती हसत होती की काय, काकूंना कळलं नाही.

घुम्याने हात पुढे केला. काकूंनी टेप दिली. त्याने ती जमिनीवर लांब पसरली आणि शेजारी आपली लोखंडी टेप ओढली, दोन्हींची सुरुवात एका रेषेत ठेवून. पहिले चार इंच दोन्ही टेपा गुण्यागोविंदाने चालल्या. मग काकूंची टेप हळूहळू पुढे पळायला लागली. तिचा साठावा इंच लोखंडी टेपच्या साठाच्या पुढे दीड इंच जाऊन पडला होता.

टेप ताणली गेली होती. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं ओढून ओढून. आणि कुणाला कधी कळलं नाही, कारण तीच टेप अंगाला लागे आणि तीच कापडाला. माणूस त्याच टेपने मापायचा, कापड त्याच टेपने कापायचं, कपडा चपखल बसायचा. दार पहिल्यांदाच असं निघालं की मापलं काकूंच्या टेपने आणि कापलं सुताराच्या.

काकू स्टुलावर बसल्या. गालांवर कुणीतरी चापट मारल्यासारखं झालं होतं.

"उद्या करतो काहीतरी," घुम्या म्हणाला, आणि तेवढ्यात फाटक वाजलं. मुलगा दोन दिवस आधीच आला होता. बरोबर फाइलवाला होता, 'नुसतं एक नजर टाकायला'.

फाइलवाल्याने टाकायची ती नजर बरोबर दारावर टाकली. "हे काय?" त्याने फटीत बोट घालून फिरवलं. "साधं माप घेता येत नाही? सर, मी म्हटलं होतं."

मुलगा घुम्याकडे वळला. "माप कुणी घेतलं?"

घुम्याने जमिनीवरची लोखंडी टेप सर्रकन गुंडाळली आणि खिशात टाकली. "काम माझं आहे," तो म्हणाला. "दार मी देतो करून. चार दिवसांत."

मुलाने घुम्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आत जाऊन नळ सोडला, जमीन बघितली, भिंतीवरून हात फिरवला. बाहेर आला तेव्हा राग जरा उतरला होता. "बाकी ठीक दिसतंय. बरं, चार दिवस देतो." आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, तूच का नाही दिलंस माप? तुझं माप आयुष्यात कधी चुकलं नाही."

काकूंना खरं लागलं ते इथे. सहा महिने या मुलाने त्यांच्या पायावर, डोळ्यांवर, आठवणीवर, सगळ्यावर शंका घेतली होती. एक माप तेवढं त्याच्या मनात शाबूत राहिलं होतं. गप्प बसलं की घर वाचत होतं. घुम्या तर आधीच मान खाली घालून उभा होता. त्याला सवय होती.

त्याला सवय होती, हेच काकूंना सहन झालं नाही.

"माप मीच दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी दिलं. त्याची टेप नको म्हणाले, माझीच लावली, वर सही केली. सुताराकडे चिठ्ठी असेल, जाऊन बघ. ही टेप दीड इंच ताणली गेलीये. चूक त्याची नाही. माझी आहे."

मुलगा टेप हातात घेऊन बघत राहिला. फाइलवाला घसा खाकरून म्हणाला, "होतं असं वयामुळे."

"तुम्ही चहा घेतलाय इथे एकदा," काकू म्हणाल्या. "फाटक उघडंच आहे."

तो गेला. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "आई, मी हेच तर सांगतोय ना. बघ ना, मापसुद्धा आता..."

"हो, बघ!" काकू काठीशिवाय उभ्या राहिल्या. "नीट बघ. चुकले मी. जिन्यावरून पडले तेव्हाही चुकले, हातात कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरत होते. पुढेही चुकेन. पण तुझ्या घरी मला चुकायलाही जागा नाही रे. तिथे मी आले की तोंड दाबून बसते. तुझ्या पडद्यांची शिवण वाकडी आहे, बोलले का मी? तुझा नळ गळतो, बोलले? इथे मी बोलते, भांडते, माझ्या मनाने माप घेते आणि चुकलं तर सांगते की चुकलं. मला माझ्या घरात चुकायचंय. आणि वाकडं झालेलं सरळ करायचंय. काम नीट झालं तर राहा म्हणालास ना? मग थांब आणि बघ कसं नीट होतं ते."

मुलगा लहानपणी नवा शर्ट घालून आरशासमोर उभा राही, तसा ती टेप स्वतःच्या मनगटाला गुंडाळून उभा राहिला.

काकू घुम्याकडे वळल्या. "कापड कमी पडलं तर आम्ही काय करतो? फेकतो का? पट्टी लावतो. वरून दोन इंचाची लाकडी पट्टी, बाजूने एक. जमेल?"

"जमेल," घुम्या म्हणाला. मग जरा थांबून आपणहून आणखी एक वाक्य बोलला, आणि त्याच्या बायकोने चमकून त्याच्याकडे बघितलं. "माप मात्र मी घेतो."

"घे बाबा, घे."

पट्टी बसली. लाकूड दुसऱ्या झाडाचं होतं, त्यामुळे रंग वेगळा आला. सून बघायला आली तेव्हा म्हणाली, "आई, वरून रंग मारून घ्या ना. सांधा दिसतोय."

"दिसू दे," काकू म्हणाल्या.

तीन महिन्यांनी एका दुपारी दार वाजलं. काकू खिडकीशी मशीनवर बसून मुलाचे पडदे उसवत होत्या. तो स्वतः गाडीत घालून आणून टाकून गेला होता, जाताना न्हाणीघरात रीळ सोडून बघितलंच होतं त्याने, चोरून. काकूंनी बघितलं नाही असं त्याला वाटलं. गळ्यात नवी टेप होती.

दारात एक तरुण जोडपं उभं होतं. "गवंड्यांनी पाठवलंय," मुलगी संकोचाने म्हणाली. "आम्ही काम बघायचंय म्हटलं, तर म्हणाले, आधी बिघडलेलं बघा. दोन पत्ते दिले. एका नर्सबाईंकडे जाऊन आलो, आणि... तुमच्याकडे एक दार आहे म्हणे?"

"त्याचं बिघडलेलं, असं सांगितलं त्याने?"

"हो."

काकू भडकल्या. काठी आपटत त्यांना आत घेऊन गेल्या आणि दोन रंगांच्या त्या दारावर थाप मारली.

"हे दार मी बिघडवलं. मी, स्वतःच्या हाताने! त्याने ते दुरुस्त केलं. त्या घुम्याला सांगा, माझी चूक स्वतःच्या नावावर खपवायची नाही."

मग त्यांनी पर्स उघडून रिकामं रीळ मुलीच्या हातावर ठेवलं. "आता आत जा. आणि हे जमिनीवर सोडून बघा."